पाऊस, वादळ, उष्मा आणि इतर आपत्ती : ठाणे-नवी मुंबईतल्या कामाच्या ठिकाणांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, घोडबंदर, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे, बेलापूर. या पट्ट्यात दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपपासून हजारोंच्या आयटी पार्कपर्यंत सगळं एकमेकांना खेटून उभं आहे. पावसाळा तोंडावर आला की एचआर, अ‍ॅडमिन आणि मेंटेनन्सवाले दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आपल्या युनिटला लागू पडेल तेवढं उचला, पण ते कागदावर उतरवा आणि मेच्या मध्यापर्यंत उतरवा. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत थडकला होता, त्यामुळे "जूनमध्ये बघू" म्हणणाऱ्यांना वेळच मिळाला नाही.

इतकी वर्षं फोनाफोनी करून भागलं. मग लेखी धोरण कशाला?

कोणाचं भागलं, हे एकदा विचारून बघा. रबाळ्याच्या एका युनिटमध्ये हाउसकीपिंगचं काम करणारी एक बाई दिव्याहून येते. रेड अलर्टच्या दिवशी सकाळी मॅनेजर मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना "आज घरूनच बघू" असं कळवून टाकलं. त्या ग्रुपवर ती नव्हती. खाडा झाला की ठेकेदार दिवस कापतो, म्हणून ती लोकलच्या दारात उभी राहून ठाण्यापर्यंत आली. ट्रान्स हार्बर बंद होती, तेव्हा मिळेल त्या रिक्षानं आणि उरलेलं अंतर चालत साडेअकराला गेटवर पोचली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, पिशवीतला डबा भिजलेला. ऑफिसात तेव्हा वॉचमन आणि ती, दोघंच होते. परतीची गाडी कधी सुटेल हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

लेखी धोरण अशा माणसांसाठी असतं. यायचं की नाही, निघायचं की थांबायचं, हा निर्णय कंपनीनं घ्यायचा आणि त्याचा आर्थिक भारही कंपनीनंच सोसायचा, एवढं त्यात स्पष्ट हवं. दिवस भरला जावा म्हणून कोणाला पाण्यात उतरावं लागत असेल, तर बाकीची पानं कितीही नेटकी छापली तरी उपयोग नाही.

यलो, ऑरेंज, रेड : कोणत्या इशाऱ्याला काय करायचं?

भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. पावसाच्या अंदाजाबरोबर त्याचा परिणाम किती होईल आणि तो होण्याची शक्यता किती, हे बघून रंग ठरतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा.

यलोला रोजचं काम चालू ठेवा, फक्त जबाबदार माणसानं दर तीन तासांनी येणारा नाऊकास्ट (पुढच्या काही तासांचा अंदाज) बघावा. ऑरेंजला घरून काम करू शकणाऱ्यांना आदल्या रात्रीच घरी थांबवा, लांबून येणाऱ्यांना लेट मार्क नाही हे जाहीर करा आणि पंप, डिझेल, टॉर्च तपासून घ्या. रेड लागला की अत्यावश्यक कर्मचारी सोडून कोणीही येऊ नये. कोण अत्यावश्यक, याची यादी नावानिशी आधीच तयार असावी. सकाळी उठून ती करायला बसलात तर प्रत्येक खातेप्रमुखाला आपलाच माणूस अत्यावश्यक वाटतो.

रंग बघून थांबू नका, एवढं मात्र सांगावंसं वाटतं. इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि ठाणे जिल्हा खाडीपासून मुरबाड-शहापूरच्या डोंगरापर्यंत पसरला आहे. रेड असून वागळेत ऊन पडलेलं असू शकतं. यलो असताना वंदना टॉकीजजवळ गुडघाभर पाणी साचू शकतं. म्हणून "इशारा रेड नसला तरी निर्णय घेण्याचा अधिकार" ही ओळ धोरणात जरूर घाला.

आमचं ऑफिस खारघरला आहे. ठाण्याचा इशारा बघायचा की रायगडचा?

रायगडचा. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, तळोजा हे रायगडमध्ये. दोन्हीकडे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ हाच आहे, पण कक्ष वेगवेगळे आहेत. फोन केल्यावर आपण कुठून बोलतोय हे पहिल्या वाक्यात सांगा.

ऑफिस कुठे आहे याइतकंच माणसं कुठून येतात हेही महत्त्वाचं आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाच्या मदतीनं बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी ऐरोलीत बसलेल्या मॅनेजरला बदलापूरच्या माणसाची अडचण खिडकीतून दिसत नाही. तेव्हा एक साधी यादी करा : कर्जत-कसारा बाजूचे किती, हार्बरवरून येणारे किती, पनवेल-उरण बाजूचे किती, घोडबंदरवरून बसनं येणारे किती, स्वतःच्या गाडीनं येणारे किती. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की मुंबईकडची माणसं अडकतात. चुनाभट्टीला आलं की हार्बरची. प्रत्येक मार्गातला एक जण "खबरी" नेमा. त्याचा सकाळचा एक फोन टीव्हीवरच्या पट्टीपेक्षा लवकर आणि नेमकी माहिती देतो.

भरती-ओहोटीशी ऑफिसचा काय संबंध?

नवी मुंबईत फार मोठा संबंध आहे. शहराचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवला आहे. सिडकोनं त्यासाठी धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांची झडपदारं मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात साठून राहतं. ओहोटी लागली की ते खाडीत उतरतं. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला जागा उरत नाही. ठाण्यातले नाले अखेर खाडीलाच मिळतात, त्यामुळे तिथेही हेच.

साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात, साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. पावसाळ्याच्या चार महिन्यांतले ते दिवस आणि वेळा अ‍ॅडमिनच्या भिंतीवर लावा. दुपारी दीडला मोठी भरती आहे आणि सकाळपासून पाऊस धरून राहिला आहे, तर माणसांना सोडायचंच असेल तर अकराच्या आत सोडा. नाहीतर चार वाजेपर्यंत आतच ठेवा. एक ते तीनमध्ये बाहेर काढणं सगळ्यात वाईट.

निर्णय कोणी आणि किती वाजता घ्यायचा?

दोन नावं, दोन वेळा. एक मुख्य, एक पर्यायी. दोघंही शक्यतो वेगवेगळ्या भागात राहणारे असावेत, म्हणजे एकाच्या घरची वीज किंवा नेटवर्क गेलं तरी दुसरा सापडेल. एमडी साहेबांच्या होकारासाठी थांबावं लागत असेल तर धोरण अर्धवट आहे. साहेब विमानात असतात, मीटिंगमध्ये असतात.

पहिला मेसेज आदल्या रात्री नऊला, अंदाज म्हणून. दुसरा पहाटे पाचला, अंतिम. पहिल्या शिफ्टचा माणूस साडेपाचला घर सोडतो. सातला आलेला "आज सुट्टी" हा मेसेज तो डोंबिवलीच्या फलाटावर किंवा गाडीच्या गर्दीत वाचतो, तोवर व्हायचा तो त्रास झालेला असतो.

जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली. ती आम्हालाही लागू होते का?

आपोआप होत नाही. आदेशात जेवढी आस्थापनं लिहिलेली असतात तेवढ्यांनाच तो लागू. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत सरकारी-निमसरकारी कार्यालयं बंद होती आणि खासगी कार्यालयांना घरून काम करू देण्याचं आवाहन होतं. आवाहन आणि आदेश यांत फरक आहे. मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली प्रशासनानं रस्ता बंद केला, परिसर रिकामा करायला सांगितलं, तर तो आदेश असतो. तो मोडला तर कलम ५१ खाली शिक्षा होऊ शकते. त्यात "आमची डिलिव्हरी आज होती" हे कारण चालत नाही.

शाळा बंद म्हणजे लहान मुलं घरी, हेही लक्षात घ्या. आई-वडील दोघंही नोकरीला असलेल्या घरात त्या सकाळी कोणीतरी एकानं थांबावंच लागतं. शाळांना सुट्टी लागली की अशा कर्मचाऱ्यांना न विचारता घरून काम किंवा सवलत, एवढं धोरणात लिहून टाका.

न आलेल्या दिवसाचा पगार कापायचा का?

नको. कंपनीनं स्वतः बंद ठेवलं तर पूर्ण पगार, रजा न कापता. ऑफिस चालू पण लोकल बंद म्हणून पोचता आलं नाही, तरीही पूर्ण पगार. पुरावा म्हणून त्या मार्गाची बातमी पुरे, प्रत्येकाकडून स्टेशनचा फोटो मागू नका. अर्ध्या वाटेतून परत गेलेला माणूस हजर समजा. लवकर सोडलेल्यांना हाफ डे लावू नका. किरकोळ रजा आजारपणासाठी आणि घरच्या कामांसाठी असते, ती पावसात वाहून जाऊ देऊ नका.

कायद्याची किमान रेषा याच्या बरीच खाली आहे, म्हणून मालक लोक तिकडे बोट दाखवतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत नैसर्गिक आपत्तीमुळे काम देता आलं नाही तर त्याला ले-ऑफ (नोकरी न तोडता तात्पुरती कामबंदी) म्हणता येतं. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर सलग सेवा झालेल्याला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. ही तरतूद कारखाना कित्येक दिवस बंद पडतो तेव्हाची आहे. वर्षातल्या दोन-तीन तुफान पावसाच्या दिवसांसाठी तिचा आधार घेऊन निम्मा दिवस वाचवला, तर पुढच्या रेड अलर्टला माणसं जीव धोक्यात घालून कामावर येतील. तो दोष मग तुमच्या धोरणाचा.

अत्यावश्यक म्हणून थांबलेल्यांना जादा तासांचा दर कायद्यानं दुप्पट आहे. तो द्या, आणि वर एक बदली सुट्टीही द्या.

कंत्राटी कामगार, हाउसकीपिंग, सिक्युरिटी यांचं काय? ते ठेकेदाराचे आहेत.

काम तुमच्या छताखाली चालतं. वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला : आपत्तीमुळे बंद राहिलेल्या दिवसाची मजुरी बिलात धरली जाईल आणि ठेकेदारानं ती कामगाराला दिल्याचा पुरावा बिलासोबत जोडावा. दुसरी ओळ नसेल तर पहिलीचा पैसा वाटेतच थांबतो. त्यांचे फोन नंबर तुमच्या यादीत असू द्या आणि मेसेज थेट त्यांना जाऊ द्या, सुपरवायझरमार्फत नको. कॅन्टीनवाले, माळी, लोडिंगचे लोक हेही याच यादीत.

दुपारी पावसाचा जोर वाढला. सगळ्यांना लगेच सोडून द्यायचं का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. ऑफिसं एकाच वेळी सुटली, लोकल थांबल्या, रस्ते भरले आणि माणसं बसमध्ये, गाड्यांमध्ये, पुलांवर रात्रभर अडकली. बंद गाडीत गुदमरूनही लोक गेले. त्या रात्री ऑफिसात थांबलेले बहुतेक जण उपाशी राहिले असतील, पण सुरक्षित होते.

त्यामुळे "सोडून द्या" हा नेहमीच दयाळू निर्णय नसतो. आधी तीन गोष्टी बघा : लोकल चालू आहे का, भरती किती वाजता आहे, पुढच्या तीन तासांचा नाऊकास्ट काय म्हणतो. तिन्ही ठीक असतील तर टप्प्याटप्प्यानं सोडा. पहिल्यांदा कर्जत, कसारा, पनवेल, उरण, विरारकडचे. त्याच वेळी गरोदर स्त्रिया, दिव्यांग, घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलेले. अर्ध्या तासानं मधल्या अंतराचे. पायी जाण्याइतक्या अंतरावरचे सगळ्यात शेवटी. बाहेर पडलेला प्रत्येक जण घरी पोचल्यावर एका ठरलेल्या नंबरवर "पोचलो" एवढा मेसेज टाकेल. तो आला नाही तर दोन तासांनी फोन करायची जबाबदारी कोणावर, तेही ठरलेलं हवं.

तिन्हींपैकी दोन गोष्टी बिघडल्या असतील तर कोणालाही बाहेर पाठवू नका. जाणाऱ्याला बळजबरीनं अडवता येत नाही, पण कंपनीनं स्पष्ट सांगावं की थांबलात तर जेवण, झोपायची सोय आणि उद्या उशिरा येण्याची मुभा आहे. हे ऐकल्यावर बहुतेक जण थांबतात. कंपनीची बस असेल तर ड्रायव्हरला भुयारी मार्गातून न जाण्याची लेखी सूचना द्या. पाणी चाकाच्या निम्म्यावर दिसलं की गाडी मागे घ्यायची. उशीर झाला म्हणून ड्रायव्हरला कोणी बोलणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. आणि बंद पडलेल्या लोकलमधून उतरून रुळांवरून चालू नका, हे प्रत्येक मेसेजच्या शेवटी असू द्या.

रात्र ऑफिसात काढायची वेळ आली तर काय काय लागतं?

पिण्याचं पाणी माणशी निदान तीन लिटर, कारण महापालिकेचं पाणी दुसऱ्या दिवशी गढूळ येऊ शकतं. खिचडीपुरते तांदूळ-डाळ, पोहे, बिस्किटं, चहा-साखर, आणि गॅस नसेल तर चालेल असं कोरडं खाणं. चटया किंवा योगा मॅट, चादरी, टॉवेल, कोरडे टी-शर्ट आणि पायजमे, सॅनिटरी पॅड, ओडोमॉस, चार्ज केलेले टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी. हे सगळं वरच्या मजल्यावर ठेवा. स्टोअर तळमजल्याला असतं आणि पहिल्यांदा तेच भिजतं.

औषधांकडे बारीक लक्ष द्या. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स असणाऱ्यांनी पावसाळाभर दोन दिवसांच्या गोळ्या बॅगेत ठेवाव्यात. इन्सुलिनसाठी फ्रिजचा एक कप्पा राखून ठेवा आणि वीज गेली तर थर्मासची सोय. ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांना ऑरेंजच्या दिवशीही बोलावू नका.

स्त्रियांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि तिला लागून स्वच्छतागृह. बाहेर महिला सिक्युरिटी असेल तर उत्तम. अडकलेली माणसं आहेत म्हणून रात्री कामाला जुंपू नका. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांकडून काम घ्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची, वाहतुकीची व्यवस्था लागते. अडकून पडणं म्हणजे संमती नव्हे. घरच्यांशी बोलण्यासाठी एक लँडलाइन किंवा चार्ज केलेला फोन मोकळा ठेवा. कित्येकींना घरी "कंपनीतच आहे, सगळ्या जणी आहोत" हे कंपनीच्या माणसाच्या तोंडून कळवायचं असतं. त्यासाठी एचआरनं स्वतः फोन करावा.

येता-जाताना अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

घर ते काम आणि काम ते घर या प्रवासात झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामामुळे झालेला अपघात धरला जातो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात ही तरतूद २०१० पासून होती आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रेड अलर्टला "आलंच पाहिजे" असा मेसेज पाठवलात तर तो संबंध तुम्हीच लिहून दिल्यासारखं आहे.

धोका वाटला तर कामगार काम थांबवू शकतो का?

व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार गंभीर आणि तत्काळ धोक्याची रास्त भीती वाटली तर तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. मालकानं लगेच उपाय करायचा असतो. तुमच्या धोरणात एक पाऊल पुढे जा : सांगणाऱ्याला त्याबद्दल मेमो मिळणार नाही, असं लिहा.

आमचं सगळं काम लॅपटॉपवर चालतं. वर्क फ्रॉम होम म्हटलं की झालं ना?

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. करोनामुळे तेव्हा निम्मं शहर घरूनच काम करत होतं. घरी ना वीज, ना वायफाय, थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही ढेपाळली. घरून काम ही सोय आहे, खात्रीची पर्यायी व्यवस्था नाही. जे काम थांबूच शकत नाही, ते पुणे किंवा नाशिकला बसलेली टीम उचलू शकेल अशी आखणी करा. बाकीच्या कामाला त्या दिवशी उशीर होऊ शकतो, हे ग्राहकाला करारातच सांगून ठेवा. आणि वीज नसताना घरच्या माणसाला "ऑनलाइन दिसत नाहीस" म्हणून विचारू नका.

जनरेटर आणि इलेक्ट्रिक पॅनेल बेसमेंटला आहेत. काय करू?

शक्य असेल तर वर हलवा. एकदाच खर्च होतो. हलवता येत नसेल तर बेसमेंटच्या रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, वाळूच्या पोत्यांचा बांध आणि दोन पंप : एक विजेचा, एक डिझेलचा. वीज गेल्यावर विजेचा पंप नुसता बघत बसावा लागतो. पाणी पॅनेलच्या खाली एक फूट आलं की मेन स्विच बंद करायचा, आणि तो कोणी करायचा, हे ठरवा. पाणी आत शिरल्यावर स्विच बंद करायला कोणालाही खाली पाठवायचं नाही. पाणी ओसरल्यावरही इलेक्ट्रिशियननं तपासून सांगितल्याशिवाय सप्लाय चालू करू नका. लिफ्ट बेसमेंटपर्यंत जात असेल तर पावसात ती पहिल्या मजल्याला थांबवून ठेवा.

टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात शेजारी केमिकल कंपन्या आहेत. आमचं तर साधं ऑफिस आहे.

तरीही तयारी हवी. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटून माणसं जखमी झाली. त्यांचा केमिकलशी काहीच संबंध नव्हता. शेजारच्या युनिटमध्ये काय साठवलं जातं, त्यांचा सायरन कसा वाजतो, हे जाऊन विचारा. घातक रसायनं मोठ्या प्रमाणावर हाताळणाऱ्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावं लागतं. त्यात आम्हालाही बोलवा म्हणून पत्र द्या.

वास आला की धावत रस्त्यावर येऊ नका. खिडक्या बंद, एसी बंद, ओलं फडकं नाका-तोंडावर. बाहेर पडायला सांगितलं तर वाऱ्याला आडवं चालत निघा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून बेसमेंटमध्ये लपू नका. कोल्ड स्टोरेज आणि बर्फाच्या कारखान्यांत वापरला जाणारा अमोनिया हलका असतो, पण दमट हवेत तोही जमिनीलगत रेंगाळतो. जमण्याची जागा एकच ठेवू नका, इमारतीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन ठेवा. मोकळं पार्किंग पावसाळ्यात तळं होतं, तेव्हा त्यातली एक तरी छताखाली असू द्या.

उन्हाळ्याचंही धोरण लागतं का?

लागतं. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश चढला की हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. आकडा विदर्भाच्या मानानं कमी दिसतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं गेली, ती याच हवेत. लोडिंग, बांधकाम, पत्र्याच्या शेडमधलं वेल्डिंग, डिलिव्हरी ही कामं बारा ते चार थांबवा किंवा सकाळी सहाला सुरू करा. सावली, थंड पाणी, ओआरएस जागेवर. कोणी बरळायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, तर आधी सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला. १०८ ला फोन दुसऱ्यानं त्याच वेळी करायचा.

वीज कडाडत असताना बाहेरचं काम?

बंद. एप्रिल-मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर हे होतं. "दामिनी" अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच माणसं क्रेनवर, परांचीवर, गच्चीवर पाठवा. वादळी वाऱ्यात होर्डिंग आणि झाडाखाली आडोसा घेऊ नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. तुमच्या गेटजवळ होर्डिंग असेल तर त्याखालचं पार्किंग आजच बंद करा.

तुंबलेल्या पाण्यातून कामावर आलेल्यांसाठी काही करायचं का?

पाय धुवायला साबण-पाणी, कोरडे मोजे. पायाला जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यातून चाललेले असतील तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पाठवा. लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. ऑफिसातून गोळ्या वाटू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर पाण्यात चाललो होतो हे डॉक्टरांना सांगायला सांगा.

आमच्याकडे फक्त बारा माणसं. एवढं सगळं कसं झेपणार?

एका कागदावर मावेल तेवढं करा. बारा जणांचे नंबर आणि प्रत्येकाच्या घरचा एक नंबर. ११२, १०८, १०१, १०७७ आणि वीज गेल्यास महावितरणचा १९१२. निर्णय घेणारी दोन नावं. पगार कापला जाणार नाही ही ओळ. "सचेत" आणि "मौसम" ही दोन अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर. शेजारच्या मोठ्या युनिटशी बोलून अडकलात तर तिथे थांबायची परवानगी. कागद पंचिंग मशीनच्या वर चिकटवा.

मेसेज नेमका कसा लिहायचा?

छोटा, मराठीत, आणि ज्यात "शक्यतो" हा शब्द नाही असा. हिंदी बोलणारे कामगार असतील तर खाली तोच मजकूर हिंदीत. व्हॉट्सअ‍ॅपबरोबर एसएमएसही टाका, डेटा बंद पडला तरी तो बऱ्याचदा पोचतो. नमुना :

"बुधवार, पहाटे ५. ठाणे जिल्ह्याला रेड अलर्ट. आज कंपनी बंद. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टनं, कंत्राटी कामगारांनीही घर सोडू नये. आजचा पूर्ण पगार मिळेल, रजा कापली जाणार नाही. निघालेला असाल तर मागे फिरा आणि या नंबरवर कळवा. अत्यावश्यक यादीतले सहा जण गाडी आल्याशिवाय निघणार नाहीत. रात्रपाळीचे सगळे आत सुरक्षित आहेत, त्यांचं जेवण झालं आहे. तिसऱ्या शिफ्टबद्दलचा मेसेज दुपारी २ वाजता."